सुप्याच्या बाजारात काय जळालं, काय राहिलं

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मघाशी चर्चेत एक तरुण भाऊ उठला आणि म्हणाला, एकदा त्या कृषी केंद्रवाल्याचं उधारीचं रजिस्टरच पेटवून दिलं पाहिजे. हशा पिकला, टाळ्याही पडल्या. मीही हसलो. पण मला ते काही नवीन वाटलं नाही. हे काम एकदा करून झालेलं आहे. एका दुकानाचं नव्हे, तीसहून जास्त गावांतलं. ते कसं झालं आणि झाल्यावर काय झालं, एवढंच आज मी सांगणार आहे. खताच्या मात्रा आणि बोंडअळी दुपारी.

१२ मे १८७५. वार बुधवार. पुणे जिल्ह्यातला तेव्हाचा भीमथडी तालुका, गाव सुपे. पारनेर तालुक्यातलं कारखान्यांचं सुपे नव्हे. हे आजच्या बारामती तालुक्यातलं. बाजाराचं मोठं गाव. गुजराती आणि मारवाडी सावकारांच्या पेढ्या तिथे होत्या. तेच सावकार, तेच धान्याचे आणि कापडाचे व्यापारी. त्या दिवशी आठवड्याचा बाजार होता, आसपासच्या खेड्यांतली माणसं आली होती. ती एकदम या दुकानांवर चालून गेली. त्यांनी मागितलं काय? वह्या आणि कर्जरोखे. कागद रस्त्यावर आणून टाकले आणि काडी लावली. धान्य गेलं, कापड गेलं. तीन दिवसांनी, शनिवारी, पुण्याचा जिल्हा मॅजिस्ट्रेट सुप्याला पोचला तेव्हा राखेचे ढीग रस्त्यातच पडून होते. त्याने वर कळवलं की सावकाराचं एक घर जाळलं, डझनभर घरं फोडून रिकामी केली, पन्नास माणसं पकडली, दोन हजारांचा माल परत मिळवला. नुकसानीचा अंदाज पंचवीस हजारांच्या वर. सावकार मात्र लाखाच्या वर सांगत होते. (नुकसान सांगताना सगळ्यांचाच हात सैल असतो, ते सोडा.)

सुप्यानंतर लगेच केडगावला एका बड्या सावकाराच्या गंजी पेटल्या. मग पुणे जिल्ह्यातून हे लोण अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात गेलं. सरकारी कागदात याचं नाव 'दख्खनचे दंगे'. दंगा हे नाव देणारा कोण आहे, हे लक्षात ठेवून पुढचं ऐका.

आता शेतकरी सावकाराच्या ओट्यावर गेलाच का, हे बघायला पन्नास वर्षं मागे जावं लागेल.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि मुलूख कंपनी सरकारकडे गेला. सरकारला पहिला प्रश्न पडला, शेतसारा किती घ्यायचा? प्रिंगल नावाचा एक साहेब होता. त्याने इंग्लंडातल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकातून हिशेब काढला. शेतीचं एकूण उत्पन्न घ्यायचं, त्यातून खर्च वजा करायचा, जे निव्वळ उरेल त्यातले शेकडा ५५ सरकारचे. कागदावर झकास. पण खर्च कोण मोजणार? घरच्या बाईची निंदणी कोण धरणार? बैलाचा कडबा कोण धरणार? १८३० च्या सुमारास इंदापूर भागात ही आकारणी लागू झाली आणि काही वर्षांतच कोसळली. शेतं पडीक पडली. माणसं गाव सोडून निजामाच्या मुलखात गेली. भावांनो, उत्पादनखर्च सरकारने काढला की तो खरा निघत नाही, हा अनुभव जुना आहे बरं का.

मग गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोन अधिकारी आले. त्यांनी १८३५-३६ पासून इंदापूरपासूनच नवी मोजणी सुरू केली. या मोजणीबद्दल मी दोन चांगले शब्द बोलणार आहे, कारण मी मातीचा विद्यार्थी आहे. कॉलेजात आम्हाला खड्डा खणून मातीचा छेद वाचायला शिकवलं. विंगेटची माणसं तेच करत होती, तेही शंभर-सव्वाशे वर्षं आधी. शेतात ठिकठिकाणी खोली बघायची. पोत बघायचा. पावणेदोन हात खोल, एकसारखी काळी माती असेल तर ती पहिल्या प्रतीची, सोळा आणे. खोली कमी तशी प्रत खाली. एकंदर नऊ प्रती, शेवटची दोन आण्यांची. चुनखडीचे खडे असले, रेती मिसळलेली असली, उतार असला, पाणी साचत असलं तर तो दोष धरायचा आणि दोषापरत प्रत उतरवायची. तुमच्यातल्या कुणालाही हे कोष्टक दाखवलं तर तो म्हणेल, बरोबर आहे, माझं धुऱ्याकडचं वावर बारा आण्यांचं आणि टेकडीखालचं चार आण्यांचं. आपल्या वऱ्हाडातही पुढे याच पद्धतीची मोजणी झाली.

पण कोष्टकात मेख होती. तुझ्या आणि माझ्या वावरात कुणी किती वाटा उचलायचा, एवढंच ते सांगतं. एकूण ओझं किती? तो आकडा मातीतून निघत नाही. तो साहेब ठरवणार. बाजार बघून, हवामान बघून, मागचा वसूल बघून ठरवणार. आणि एकदा ठरला की तीस वर्षं तोच. रोख भरायचा. पिकलं तरी तेवढाच, नाही पिकलं तरी तेवढाच.

त्यांचं म्हणणं असं होतं की दर बेताचा ठेवला आहे, तेव्हा चांगल्या सालाची शिल्लक रयतेने वाईट सालाला वापरावी. हिशेब सरासरीचा. भीमथडी, इंदापूर, शिरूर हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा. तिथे ज्वारी-बाजरीचं एक साल सोळा आणे येतं, एक आठ आणे, एक बियाणंही फिटत नाही. सरासरी कागदावर राहते, पोट मात्र दरसाल भरावं लागतं. त्यातून हप्त्याची तारीख सरकारची आणि खळं आपलं. दोन्ही एका दिवशी येतीलच असं नाही. मधले दोन महिने कुणी भरायचे? तिथे सावकार उभा होता. सारा तोच भरायचा, आणि मग खळ्यावर तोच यायचा.

या मोजणीने आणखी एक गोष्ट केली. जमीन नंबरवार शेतकऱ्याच्या नावावर लागली आणि विकता येण्याजोगी झाली. विकता येते म्हणजे गहाण ठेवता येते. पूर्वी सावकाराला तारण म्हणून फार तर पीक मिळायचं. आता वावर मिळायला लागलं. हक्क मिळाला तो चांगलाच मिळाला, मी त्याच्या विरुद्ध नाही. पण बरोबर फासही आला.

आता कापसाकडे येऊ. इथे बसलेल्यांना हा भाग लवकर कळेल.

इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेतून यायचा. १८६१ साली तिकडे यादवी युद्ध पेटलं. त्या वर्षी अमेरिकेतून वीस लाखांवर गाठी इंग्लंडला गेल्या होत्या. १८६२ साली गेल्या फक्त ५५,०००. गिरण्या बंद पडायची पाळी. मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे मागणीचा पूर आला. व्यापाऱ्याने सावकाराला पैसा दिला, सावकाराने गावात ओतला. पूर्वी ज्याला दहा रुपयांसाठी चार हेलपाटे घालावे लागायचे त्याला आता घरबसल्या आगाऊ उचल मिळू लागली. १८६० ते १८६४ या चार वर्षांत मुंबई इलाख्याच्या दख्खन भागात कापसाखालची जमीन दुप्पट झाली. सुप्याच्या टापूत ज्वारी-बाजरीच जास्त, तरीही धान्याचे भाव, मजुरी, गाडीभाडं, सगळंच त्या तेजीत वर गेलं.

१८६५ ला अमेरिकेतलं युद्ध संपलं. तिकडचा कापूस परत बाजारात आला आणि आपला भाव बसला. व्यापाऱ्याने सावकाराकडे हात आखडला, सावकाराने शेतकऱ्याकडे. पुढची उचल बंद, मागची परत द्या.

आणि नेमकं याच वेळी तीस वर्षांचा करार संपला. १८६६-६७ ला इंदापूरपासून फेरआकारणी सुरू झाली. नव्या साहेबांनी मान वर करून बघितलं तर काय दिसलं? भाव चढलेले. रस्ते झालेले. दौंडवरून आगगाडी जाते आहे. म्हणजे शेतकरी श्रीमंत झाला! सारा वाढवला. किती? पन्नास टक्क्यांपासून कुठे कुठे शंभर टक्क्यांपर्यंत.

भावांनो, मातीची खोली तीस वर्षांत एक बोट वाढली नव्हती. चुनखडी होती तिथेच होती. उतार होता तसाच होता. उलट वरची माती थोडीफार वाहूनच गेली असेल. आण्यांचं कोष्टक तेच राहिलं आणि वरचा आकडा बदलला. चार वर्षांच्या तेजीवर तीस वर्षांचा सारा बांधला. तेजी बसली, आकारणी मात्र उभीच राहिली.

इथे माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. मी नोकरीत असताना एका मंडळात पीक कापणीच्या प्रयोगाला गेलो होतो. पाऊस ऐन फुलोऱ्यात गेलेला. दहा बाय पाचच्या तुकड्यातली ज्वारी कापून, मळून, तोलली. कणसात दाणे कुठे होते? मी आकडा लिहिला. दोन दिवसांनी वरून निरोप आला की त्या मंडळाची पैसेवारी पन्नासच्या वर निघायला हवी, जरा बघा. म्हणजे दुष्काळ दाखवायचा नाही असं आधीच ठरलेलं होतं. वजन मग त्या हिशेबाने लिहायचं. कोणतं खातं, कोणता साहेब, हे सांगत नाही, आणि तो माणूस वाईट होता असंही नाही. त्यालाही वरून निरोप होता. पण त्या दिवशी मला विंगेटचं कोष्टक खऱ्या अर्थाने कळलं. तोलकाटा बरोबर असतो आणि तरी हिशेब खोटा निघतो. नोकरी मी पुढे दीड वर्षाने सोडली. त्याची कारणं आणखीही होती.

असो. वाढीव साऱ्याविरुद्ध ओरड झाली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गाऱ्हाणी मांडली. शेवटी १८७४ साली मुंबई सरकारने वाढीला मर्यादा घातली. एका तालुक्याला शेकडा ३३, एका गावाला ६६ आणि एका खातेदाराला १०० यापेक्षा जास्त वाढ नको. हा दिलासा होता! सारा दुप्पट झाला तर चालेल, दुप्पटीच्या वर नको.

तोवर शेतकरी कर्जात गळ्यापर्यंत गेला होता. इथे कायद्याची एक गंमत झाली आहे, ती नीट ऐका. १८५९ साली सरकारने मुदतीचा कायदा केला. कर्जरोखा तीन वर्षांपुरता, त्यानंतर त्यावर दावा चालणार नाही. हेतू चांगला, म्हणजे व्याज वर्षानुवर्षं चढत राहू नये. सावकाराने काय केलं? तीन वर्षं भरत आली की शेतकऱ्याला बोलावून नवा रोखा लिहून घ्यायचा. जुनं मुद्दल अधिक तीन वर्षांचं व्याज, हे नव्या रोख्याचं मुद्दल.

हिशेब करू. पेन असेल त्यांनी लिहून घ्या. शंभर रुपये कर्ज, व्याज दोन रुपये शेकडा दरमहा धरू. तीन वर्षांचं व्याज ७२. नवा रोखा १७२ चा. आणखी तीन वर्षांनी तो २९६ चा. नऊ वर्षांनी ५०९. बारा वर्षांनी ८७५. मधे एक पैसा नवा घेतलेला नाही! आपल्याकडे जुना दामदुपटीचा रिवाज होता. व्याज मुद्दलापेक्षा जास्त घ्यायचं नाही, शंभराचे दोनशे झाले की थांब. पण प्रत्येक नव्या रोख्यात व्याजाचंच मुद्दल झालं तर दामदुप्पट लावणार कशाला? पुढे सरकारी आयोगासमोर असंही प्रकरण आलं की शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांच्या वर व्याज लावलं होतं.

आमच्या घरी पणजोबांच्या पेटीत असला एक जुना कागद होता. मजकूर मोडीत. खाली पणजोबांची सही नाही, नांगराचं चित्र. निशाणी नांगर. कुणब्याला लिहिता येत नसे म्हणून तो नांगर काढायचा. वर काय लिहिलंय ते लिहिणाऱ्याला ठाऊक आणि सावकाराला ठाऊक. पावती मागायची रीत नव्हती. किती धान्य दिलं, काय भावाने धरलं, किती जमा झालं, सगळं त्यांच्या चोपडीत. मग दावा लागायचा. समन्स कधी पोचायचं, कधी पोचायचं नाही. पोचलं तरी तालुक्याला जाऊन वकील लावायला पैसा कुठला? बहुतेक हुकूमनामे एकतर्फी झाले. आणि हुकूमनाम्यानंतर जप्ती.

शिरूर तालुक्यात करडे गाव आहे. तिथे डिसेंबर १८७४ मध्ये काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या शेतकऱ्यावर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला. जमीन घेतली, घर घेतलं आणि घर पाडायला लावलं. देशमुख भाड्याने राहायला तयार होता, तरी पाडलं. गाव हललं. गावाने हात उचलला नाही. त्यांनी ठराव केला की यांच्या शेतावर कामाला कुणी जाणार नाही, दुकानातून कुणी घेणार नाही. न्हाव्याने हजामत करायची नाही, परटाने कपडे धुवायचे नाहीत, पाणक्याने पाणी भरायचं नाही. शेजारच्या गावांत हाच ठराव फिरला. मला विचाराल तर त्या सबंध वर्षातली सगळ्यात हुशारीची गोष्ट ही करड्याची. सगळं गाव त्यात होतं, बलुतेदारही होते, आणि एका माणसाला तुरुंगात टाकता येईल असं त्यात काही नव्हतं.

पण सारा भरायची वेळ आली, सावकारांनीही उट्टं काढलं. या वेळी तुमचा सारा आम्ही भरणार नाही, म्हणाले. तिकडे सरकार हप्ता मागतंय, इकडे उचल बंद. त्या उन्हाळ्यात सुपे पेटलं.

पेटलं कसं, हे बघण्यासारखं आहे. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले तिथे बहुतेक ठिकाणी लोक कागद जाळून घरी गेले. अंगावर हात टाकल्याचे प्रकार फार थोडे. नडला तिथे घर फोडलं, गंजी जाळल्या. चौकशी करणाऱ्या साहेबांनीच हे लिहून ठेवलंय. काही गावांत पाटीलच पुढे होते. म्हणजे ही झुंड नव्हती. काय पाहिजे ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दोन गोष्टी मात्र मला टोचतात आणि त्या लपवून मी तुम्हाला भाषण देणार नाही.

पहिली, निशाणा मुख्यतः मारवाडी-गुजराती सावकारांवर राहिला. गावातले आपले सावकारही त्याच व्याजाने द्यायचे. त्यांच्यातले बरेच सुटले. बाहेरून आलेला, वेगळ्या बोलीचा माणूस सापडायला सोपा. रोख्यावरचं व्याज जात बघून चढत नाही, पण राग जात बघून उतरला.

दुसरी याहून मोठी. त्या दिवसांत एक अफवा होती. विलायतेच्या राणीकडे गाऱ्हाणं गेलंय, राणीने हुकूम पाठवलाय की मारवाड्यांकडचे रोखे काढून घ्या. म्हणजे कागद जाळणाऱ्यांतल्या कित्येकांना वाटत होतं की आपण सरकारच्याच मर्जीचं काम करतोय! ज्याने सारा पन्नास टक्क्यांनी वाढवला, ज्याच्या कोर्टाने घर पाडायचा हुकूम दिला, तो मायबाप. आणि त्या हुकुमाची बजावणी करून घेणारा मधला माणूस शत्रू. सावकार साधू होता असं मी म्हणत नाही. काळूराम काय होता ते सांगितलंच. पण मामलेदार कचेरीत आकारणीचं दप्तर होतं, त्याला धग लागली नाही.

शेतकऱ्याला ते दप्तर दिसतच नव्हतं असं नाही. तेवीस वर्षांपूर्वी, १८५२ साली, खानदेशात सावदा, फैजपूर, एरंडोलकडे शेतकरी थेट मोजणीविरुद्धच उठले होते. शेकडो-हजारोंनी जमले, मोजणीवाल्यांना काम करू दिलं नाही. सरकारने फौज आणली, पुढाऱ्यांना धरलं आणि मोजणी पुरी केली. त्यामुळे सरकारच्या कागदाला हात लावला की फौज येते, हे माहीत झालेलं होतं. सावकाराचा कागद बाजारात होता, एका कुलपामागे.

तरीही फौज आलीच. गावोगाव पोलीस बसवले. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ माणसं धरली, त्यांतल्या ५०१ जणांना शिक्षा झाल्या. पुणे जिल्ह्यात ५५९ धरले, ३०१ ना शिक्षा. नगरमध्ये ३९२ धरले, २०० ना शिक्षा. त्यांच्या घरच्या पेरण्या त्या मृगात कुणी केल्या असतील, हे कोणत्या अहवालात नाही. सावकार गाव सोडून पळाले होते, तेव्हा बी-बियाण्याला उचलही नाही. आणि कोर्टात ज्यांचे हुकूमनामे होऊन गेले होते त्यांचे कागद कोर्टात शाबूत होते. बाजारात जळाली ती सावकाराकडची प्रत.

पुढे हिंदुस्थान सरकारने मुंबई सरकारच्या मागे लागून चौकशी आयोग नेमायला लावला. सत्तावन्न साल त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं नव्हतं. आयोगाने काम कसून केलं, ते नाकारता येत नाही. कर्जाचे, व्याजाचे, कोर्टाचे आकडे गोळा केले, साक्षी घेतल्या. आणि एक प्रश्न त्यांना मुद्दाम घालून दिला होता: साऱ्याच्या ओझ्यामुळे हे झालं का? आयोगाचं उत्तर, नाही. दोष सावकारांचा आणि कोर्टाच्या पद्धतीचा. ऑकलंड कॉल्विन म्हणून एक सदस्य उत्तर हिंदुस्थानातून आलेला होता. त्याने आपलं वेगळं टिपण लिहून मुंबईच्या फेरआकारणीवर कडक टीका केली. पण ठरलेला निष्कर्ष फिरला नाही. सरकारने सरकारचीच चौकशी केली तर दुसरं काय निघणार?

चौकशीतून १८७९ साली कायदा आला, दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देण्याचा. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता. हा कायदा टाकाऊ नव्हता. कोर्टाने नुसता शेवटचा रोखा बघायचा नाही, पहिल्या उचलीपासूनचा हिशेब उकरायचा. कर्जासाठी कैद नाही. खास गहाण लिहून दिली नसेल तर जमीन विकायची नाही. रोखा गावच्या निबंधकासमोर व्हायचा, पावती द्यायची, हिशेब द्यायचा. एवढं मिळालं ते सुप्याच्या राखेतूनच मिळालं. अर्जांनी मिळालं नव्हतं. तुरुंगात गेलेल्या त्या ५०१ जणांचे ते उपकार आहेत.

सावकारांनी पळवाट काढलीच. रोखा नको, सरळ खरेदीखतच कर. पैसे दिलेस की जमीन परत, तोंडी वचन. कायदा गहाणखताच्या मागे जाऊ शकत होता, खरेदीखताच्या मागे जायला त्याला पुढे कित्येक वर्षं लागली.

आणि सारा? हप्ता होता तसाच राहिला. १८७६ चा पाऊस गेला, आणि ७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ दख्खनवर आला. दंग्यांत जी गावं होती तीच दुष्काळाच्या कामांवर खडी फोडायला गेली. याच दुष्काळात फिरून वासुदेव बळवंत फडक्यांनी १८७९ साली बंड उभारलं. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. सुपे वाचून झाल्यावर तो पुन्हा वाचा. फुल्यांचा असूड सावकारापाशी थांबत नाही, कचेरीपर्यंत जातो.

आता त्या तरुण भावाकडे येतो. तुझ्या रागावर माझा राग नाही. कृषी केंद्रवाला उधारीवर बियाण्याची पिशवी महाग लावतो, ते मलाही माहीत आहे. पण रजिस्टरला काडी लावायच्या आधी ते एकदा वाचायला माग. पऱ्हाटीचं बियाणं रोखीत केवढ्याला आणि उधारीत केवढ्याला लावलं? फरक म्हणजे व्याज. तो सहा महिन्यांचा शेकडा किती पडतो, काढ. मग बँकेचा उतारा घे. आपण दरसाल नवं-जुनं करतो ना, ते सुप्याच्या तीन वर्षांच्या रोख्याचंच नातलग आहे. दुष्काळात पुनर्गठन झालं असेल तर थकलेलं व्याज कुठल्या रकान्यात गेलं ते बघ. मुद्दलात गेलं असेल तर आज दिसतो तो आकडा तू कधी उचललेलाच नाहीस. आणि तिसरा कागद, तुमच्या मंडळाची गेल्या दहा वर्षांची पैसेवारी. ती कुणाच्या चोपडीत नाही, सरकारी आहे, मागता येते.

तुमच्यातल्या काहींनी उतारे आणलेत असं मला सकाळी सांगितलं. जेवणं झाली की याच मांडवात, डाव्या बाजूला बसू. प्रत्येकाने दोन आकडे वेगळे लिहून आणा: पहिल्या वर्षी हातात किती आले आणि आज किती दाखवतात. ज्या मायबहिणींच्या नावावर बचत गटाचं कर्ज आहे त्यांनीही पुस्तकं घेऊन यावीत. वाचता येत नसेल तर मुलाला घेऊन या, पण पुस्तक त्याच्या हातात सोडून जाऊ नका, शेजारी बसा. बोंडअळीचं तीन वाजता घेऊ.